मात्रा

छत्तीस वर्षं शहापुरात मी कंपाउंडर होतो.
लाल मिक्श्चर, पांढरं मिक्श्चर,
बाटलीला कातरलेली कागदी पट्टी,
आणि खिडकीतून दिवसभर एकच वाक्य :
दिनक्के मूरु सल, ऊट आद मेले.
मराठी माणूस असला तर, दिवसातनं तीनदा, जेवल्यावर.
माझं सगळं कानडी एवढंच,
एका बाटलीत मावणारं.

रिटायर झालो. भाग्यनगरातल्या घरापुढं
जावयानं हिरवळीचे चौकोन आणून अंथरले,
फरशी बसवावी तसे.
मी पाइप घेतला
आणि पाजू लागलो, दिवसातनं तीनदा, जेवल्यावर.
रात्रीचा डोस थोडा जास्त,
झोप लागावी म्हणून.

महिन्याभरात चौकोन पिवळे पडले.
सांध्यांतून बटणाएवढ्या छत्र्या उगवल्या.
मी मात्रा वाढवली.
पाणी लाल होऊन फाटकाखालून गटारीला गेलं,
शेजारच्या गंगव्वाअक्कांनी
चपला हातात घेऊन रस्ता ओलांडला.
काही बोलल्या नाहीत.

त्यांचं मेंदीचं कुंपण कापायला दुंडाप्पा यायचा,
मुतग्याचा. कँपातल्या मेसची हिरवळ
तीस वर्षं त्याच्या हाताखाली होती.
तो आमच्यात डोकावला, उकिडवा बसला,
आणि एका चौकोनाचा कोपरा उचलला,
तव्यावरची भाकरी उलटताना उचलतात तसा.
आला की तो हातात, अलगद.
खाली पांढरे धागे, नखाएवढे.
"बेरु," तो म्हणाला.
हा शब्द माझ्या बाटलीत नव्हता.
त्यानं बोट जमिनीकडं केलं, मग खाली, आणखी खाली.
"मुळी हो. रोज वरच्यावर मिळतंय,
मग ती खाली कशाला जातीय की?"

पहाटेच सोडा, म्हणाला, उन्हाच्या आधी.
रातभर अंग ओलं ठेवलासा तर बुरशी धरतंय.
चौथ्या दिवशी एकदा, पण पोटभर.
आणि ही लाल माती, घाई केली की ऐकत न्हाई;
पाणी पळाय लागलं की बंद करा,
च्या पिऊन या, परत सोडा.
मग मोडक्या छत्रीची काडी खुपसायची.
वीतभर गेली, तर पोचलं.
"किती मिनिटं?" मी विचारलं.
तो माझ्या घड्याळाकडं बघून नुसता हसला.

मी पडलो पट्टीचा माणूस.
रुंद तोंडाची बरणी शोधली,
कणकेची खळ केली, कागद कातरला,
किती वर्षांनी कात्री तशी चालली,
आणि बरणी गवतात मधोमध उभी केली.
दोन खुणा, चहा, मग तिसरी खूण.
काडी वीतभर गेली.
तेवढ्यानं मला जेवण जास्त गेलं.

अवघड होते ते मधले दिवस.
हात नळाकडं जायचा, हिनं पाइपच लपवला.
गवताला चालून विचारायचं असतं :
पाऊल उठलं की थांब,
पाऊल तसंच राहिलं की दे.
मी अनवाणी विचारत राहिलो,
घरातून दिसायचं, म्हातारा शतपावली करतोय.

एप्रिलात नळाचा वार चुकला.
चौथा गेला, पाचवा गेला,
राकसकोपचं पाणी कुठं अडलं कोणास ठाऊक.
टाकीत होतं ते पिण्याचं.
सहाव्या दिवशी पहाटे मी पाय टेकला, उचलला
आणि वाकून बघत राहिलो.
पाऊल उमटलं. तसंच राहिलं.
माझ्या तोंडाला कोरड पडली.
मग एक पातं हललं,
मग शेजारचं,
टाच आधी बुजली, मग बोटं.

फाटकाबाहेर रिकामी घागर घेऊन गंगव्वाअक्का.
वाकून काय बघताय, असंच विचारलं असणार.
मी आत शोधलं, तीनदाच्या आणि जेवल्यावरच्या खाली,
आणि बोट जमिनीकडं करून म्हणालो,
"बेरु."

त्यावर त्या बराच वेळ काही बोलत राहिल्या,
हसत, घागर या कमरेवरून त्या कमरेवर घेत.
निम्मं वाहून गेलं.
निम्मं मुरलं असावं.